पासिंगपुरते ब्रेक

४ फेब्रुवारी २००१
स्कूटर पंधरा वर्षांची झाली. नियम म्हणतो, पासिंग करा. म्हणजे कोणा साहेबाला गाडी दाखवून ती सुरक्षित असल्याचा कागद आणा. इतक्या वर्षांत मला जे कळलं नाही ते त्यांना पाच मिनिटांत कळणार. छान. ब्रेक कमी लागतात, मान्य. पण मी मुळात ब्रेकवर गाडी चालवतच नाही. गिअर उतरवतो, हॉर्न देतो. बाकी लोकांनी बघून घ्यावं.

५ फेब्रुवारी
सौ. सरोजिनीने जाहीर केलं, पासिंग होईपर्यंत मागे बसणार नाही. कर्वेनगरला बहिणीकडे बसने जाईन म्हणाली. लग्नापासून ही माझ्याच मागे बसते. फार लागलं. पासिंग करणारच, तेही ब्रेकला हात न लावता. तपासणी हा फार्स आहे, हे सिद्ध करतो.

८ फेब्रुवारी
शेजारच्या दिगंबरची स्कूटर त्याच मॉडेलची, पण नवी. तिची दोन्ही चाकं ब्रेकसकट उसनी मागितली. तो म्हणाला, चाकंच कशाला, मला पण न्या. विनोदबुद्धी बेताची, पण चाकं दिली. गॅरेजवाला संपत मात्र समजूतदार. पासिंगपुरतं ना, म्हणाला, रोजचंच हाय.

९ फेब्रुवारी
पास. साहेबांनी ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. एवढी जुनी गाडी इतकी छान ठेवली म्हणून माझं कौतुक केलं. मी नम्रपणे हसलो. संध्याकाळी चाकं दिगंबरला परत. व्यवहार चोख.

१० फेब्रुवारी
बारीकशी अडचण. सरोजिनीने कागद देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. उद्या कर्वेनगर, आपल्या गाडीवर. खरं सांगणार होतो. पण तिने नवी साडी काढून ठेवली होती. असो. गिअर आहेत, हॉर्न आहे.

१२ फेब्रुवारी
काल कर्वेनगरच्या वाटेवर पुढची रिक्षा थांबली. मी गिअर उतरवला, हॉर्न दिला. रिक्षा थांबलेलीच राहिली.
सरोजिनीच्या मनगटाला प्लास्टर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, गाडीचा काही दोष नाही हो, परवाच पासिंग झालंय. यांनाच आता झेपत नाही. दिगंबर तिथेच चहा पीत होता. माझ्याकडे बघून त्याने मान डोलावली. लाज वाटली.

१३ फेब्रुवारी
गाडी भाचीला, सुनीतीला, कॉलेजला जायला द्यायची ठरली. सरोजिनी म्हणते, कागद आहे, काळजी नाही.
मी संपतकडे जाऊन नवे ब्रेक बसवून आणले. मला चालवायची बंदी, म्हणून गाडी ढकलत नेली, ढकलत आणली. वाटेत एकदा दाबून पाहिले. चांगले लागतात.