उलटा तोडा

दादा,

हे पत्र टाकू कुठे? पूर्णगडच्या हळदीला वाजवायला गेलास, तो परतलाच नाहीस. "वाटेत टेम्पोतून उतरला," एवढंच दिनूशेठ सांगतो.

म्हणून मीच त्याच्या बेंजो पार्टीत ढोलकीला लागलो, आडनाव मामाचं लावून. बारशी, साखरपुडे वाजवतोय. तुझा विषय काढला की सगळे आपापली वाद्यं पुसायला लागतात.

काल मिरजोळ्याच्या साखरपुड्यात हात रंगला, आणि गाणं संपवताना तू शिकवलेला उलटा तोडा आपसूक निघाला. बेंजोवाल्याची बोटं थांबली. दिनूशेठ हसत जवळ आला, पाठीवर हात ठेवला.

"कोणी शिकवलान हा?"

"मोबाईलवर बघून."

"हुशार हायस," म्हणाला, पण हात काही काढला नाही.

आज त्याचा फोन आला. उद्या पूर्णगडची ऑर्डर आहे. बाकीचे एसटीने येणार, मी एकट्याने त्याच्याबरोबर टेम्पोतून जायचं. जाणार आहे मी. नाहीतर तू कुठे उतरलास ते कधी कळायचंच नाही.

घरचं मी त्याला कधीच काही सांगितलेलं नाही. तरी फोन ठेवताना म्हणाला, "आईला सांगून नीघ हां. मागच्या वेळी फार शोधत फिरली बिचारी."

तुझा,
सुयोग