काट्यावरची लाल रेघ

२३ डिसेंबर
आत्या घरी आली. दोन मजले, लिफ्ट नाही. पप्पा, खालच्या घरातले दोघे आणि समोरच्या कविता आंटींचा मुलगा, चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. खुर्चीतून आत्याच्या सूचना चालू. "भिंतीला घासू नका. दमलात तर ठेवा खाली, मी पळून जात नाही." पप्पा म्हणाले, "ताई, जरा गप बस." बसली नाही.
ज्या पायरीवरून ती घसरली तिथे अजून पाणी होतं. गच्चीवरची टाकी भरून वाहिली की जिन्यात येतं.
उजवी मांडी. हाड मधोमध मोडलंय, शेजारी दोन लहान तुकडे. अंबरनाथला ऑपरेशन झालं. हाडाच्या पोकळीतून रॉड, वर दोन स्क्रू, खाली दोन.
दिवस कोणामुळे पार पडला ते झोपताना लिहायचं, ही सवय आत्यानेच लावलेली. आज: चौघे जण. रक्त दिलेला माणूस, ज्याचं नाव कधी कळणार नाही. आई.

२७ डिसेंबर
बदलापूरच्या क्लिनिकमध्ये परत रुजू. फिजिओ होऊन दोन वर्षं झाली, मोडलेल्या माणसांना परत चालवायचं हेच काम. घरी मात्र आत्याच्या पायाला हात लावायला भीती वाटते.
संध्याकाळी आत्याचा प्रश्न: "रॉड लोखंडासारखा आहे ना? मग काळजी कसली?"
सांगितलं की रॉड कायमचा भार घ्यायला नसतो. आपल्या बिल्डिंगीत स्लॅबखाली टेकू लावलेत तसा. हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो. हाड जुळलंच नाही तर रोजच्या वाकण्याने धातू थकतो आणि एक दिवस तुटतो.
तिने अंबाड्यातली पिन काढली. वाकवली, सरळ केली, परत वाकवली. टीव्हीवरची मालिका संपायच्या आत तुटली.
"म्हणजे शर्यत आहे," म्हणाली. "रॉड दमायच्या आत हाडाने पोचायचं."
मग तुटलेली पिन आईला दाखवून, "वहिनी, ही माझी मांडी." आईने हातातली पोळी तशीच ठेवली आणि आत गेली. आत्याला वाईट वाटलं. मला पण. हसू पण आलं होतं, ते लिहायला हवं.

४ जानेवारी
रविवार. चिकन. आत्याने नळीचं हाड ताटात बाजूला काढून ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. दोघींना एकच आठवलं.
मी सात वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. शाळेच्या गेटवर मला उलटी व्हायची. आत्या म्युन्सिपाल्टीच्या शाळेत विज्ञान शिकवायची, ती घरी येऊन स्वयंपाकघरात फरशीवर मला शिकवायची. एकदा चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगर आणलं आणि कोंबडीचं हाड त्यात बुडवून ठेवलं. काही दिवसांनी काढलं तर रबरासारखं वाकलं. दुसरं हाड चिमट्यात धरून गॅसवर जाळलं. ते पांढरं झालं आणि बोट लावताच चुरा. चुना गेला की हाड वाकतं. आतला चिवट धागा जळला की फुटतं. दोन्ही एकत्र असतात म्हणून आपण उभे राहतो. हे मी कॉलेजात जाऊन शिकले नाही, ओट्याखाली बसून शिकले.
तेव्हा मी कोंबडीसाठी रडले होते म्हणे. आत्या: "त्या कोंबडीची माफी मागायची राहिलीय माझी."

११ जानेवारी
डॉक्टरांनी सांगितलंय, वॉकर घेऊन चालायचं, पाय टेकवायचा, पण पहिले सहा आठवडे पंधरा किलोच्या वर भार नको. तुकडे आहेत म्हणून. पंधरा किलो म्हणजे किती हे पायाला कसं कळणार? वजनकाट्यावर पाय ठेवून शिकवायचं असतं.
कविता आंटींनी त्यांच्या कॅम्प दोन भागातल्या दुकानातून काटा आणून दिला. "लो मयू बेटा. मशीन झूठ नहीं बोलती, तेरी बुआ बोलती है." आत्या: "कविता, ऐकू येतंय मला." पैसे घेईनात. "घर की चीज़ है, काम होने पे लौटा देना."
पंधराच्या आकड्यावर काचेवर लाल नेलपॉलिशची रेघ मारली. आत्या वॉकर धरून उभी, डावा पाय पुस्तकांच्या गठ्ठ्यावर म्हणजे उंची सारखी, उजवा काट्यावर. काटा रेघेला गेला की मी "बस" म्हणायचं. एकदा पुढे गेला. मी इतक्या मोठ्याने ओरडले की आई धावत आली.
नियम केला: मी घरात नसताना आत्याने उठायचं नाही. तिने मान डोलावली. इतक्या पटकन कसं ऐकलं?
आज: कविता आंटी.

३ फेब्रुवारी
अंबरनाथ. एक्स-रे. रॉड सरळ, स्क्रू जागच्या जागी. डॉक्टर खूश. "आता वाढवा. आधी अर्धं वजन, मग झेपेल तितकं. दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली जाऊ देत. थोडी हालचाल, थोडा दाब, त्याशिवाय हाड नवीन हाड बनवत नाही." मला म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही फिजिओ."
मी हो म्हटलं. एक्स-रेमध्ये फट काळी दिसत होती. इतकी काळी असते का या वेळेला? असते. वाचलंय मी.
रेघ उद्या सरकवते.

६ फेब्रुवारी
रेघ सरकवली नाही. दोन दिवस जरा थंडी आहे, आत्याचा पाय आखडतो. सोमवारपासून.

१२ फेब्रुवारी
क्लिनिकमध्ये वांगणीचे एक काका. नडगीत रॉड, दोन महिने झाले, पाय हवेत धरून येतात. मी त्यांना रागावले. "काका, हाडाला काम दिलं नाही तर ते आळशी होतं. महिनोन्महिने गादीवर पडलेल्या माणसाचं हाड ठिसूळ होतं, माहितीये ना? टाका भार." काका म्हणाले, "पोरी, तुजा बाप असता तं बोलली असतीस का असा?"
घरी आले. काटा, लाल रेघ, पंधरा. "बस."

२२ फेब्रुवारी
आत्या चालताना उजवा पाय जवळजवळ उचलूनच घेते. दुखत असणार. म्हणून रेघ आहे तिथेच ठेवली. दुखतंय तर जबरदस्ती नको.
कविता आंटींनी दाल पकवान पाठवलं. आत्याने तीन खाल्ले. भूक चांगली आहे, हाडाला ते लागतंच. आज: आंटी, परत.

१७ मार्च
लिहायला बसवत नाही. तरी लिहिते.
एक्स-रेमध्ये काही नाही. फट तशीच. आत्तापर्यंत तिच्याभोवती पांढुरका ढग दिसायला हवा होता, नवीन हाडाचा. डॉक्टरांनी फिल्म दोनदा उजेडासमोर धरली.
"भार किती टाकतात?"
मी म्हटलं, "पंधरा."
"पंधरा? फेब्रुवारीत मी काय सांगितलं होतं?"
मग आत्या म्हणाली, "पंधरा पण नाही हो डॉक्टर. पंधरा ते काट्यावर. चालताना मी पाय टेकतच नाही."
"दुखतो?"
"नाही दुखत. मी टेकवला की हिचा चेहरा बघवत नाही. म्हणून उचलते."
डॉक्टर हसले नाहीत. रागावले पण नाहीत, त्याने जास्त लागलं. सहा आठवडे दिलेत. भार टाकायचा, जितका झेपेल तितका, रोज. ढग दिसला नाही तर खालचा एक स्क्रू काढायचा, म्हणजे चालताना टोकं आणखी जवळ सरकतील. त्यानेही नाही झालं तर कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरायचं. मोठं ऑपरेशन. आणि तोवर रॉडने टिकायला हवं.
रिक्षात आई एकच वाक्य बोलली: "ही डोळे मिटते आणि ती पाय उचलते. छान जोडी आहे."

१८ मार्च
मागची पानं वाचली. २२ फेब्रु.: "दुखत असणार." दुखतंय का असं मी एकदाही विचारलेलं नाही. पेशंटला पहिला प्रश्न तोच विचारते मी.
आत्याजवळ जाऊन बसले. सॉरी म्हणायचं होतं, रडूच आलं. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "तुला घरी किती शिकवलं मी?"
"दोन वर्षं."
"एक वर्ष पुरलं असतं. पहिल्या वर्षानंतर तुला उलटी व्हायची बंद झाली होती. दुसरं वर्ष माझ्या भीतीचं होतं. वाटायचं, गेटवर सोडलं आणि काही झालं तर? तुझा बाप रोज म्हणायचा, ताई, सोड आता. मी रोज म्हणायचे, सोमवारपासून."
व्हिनेगरमधलं हाड त्या दुसऱ्या वर्षातलं. भिंगाने कापूर पेटवायचा प्रयत्न, शेवग्याच्या झाडाखाली सावली मोजणं, सगळं त्याच वर्षातलं. मला ते वर्ष सगळ्यात जास्त आवडलेलं. तिला तसं सांगितलं.
"ते असू दे," म्हणाली. "पण शेवटी सोडलंच ना तुला? आता काटा आण."
नेलपॉलिश निघेना. कविता आंटी रिमूव्हर घेऊन आल्या. "अरे बाबा, मशीन का मुँह लाल कर दिया! शादी है क्या इसकी?" घासून काढली. काचेवर अजून गुलाबी डाग आहे.
आत्या उभी राहिली. मी "बस" म्हणायचं नाही असं ठरलं होतं. पंचवीसला तोंडावर हात ठेवला. तीसला आत्याच थांबली. "आज एवढं. तू श्वास घे आधी."

२९ मार्च
पंचेचाळीस. आत्याचं वजन अठ्ठावन्न आहे. काल थोडं दुखलं, यावेळी विचारलं. "मांडीत ओढल्यासारखं, हाडात नाही." लिहून ठेवते म्हणजे मनाने काही जोडणार नाही.
ती घरात फिरते तेव्हा मी कणीक मळते. हात कशात तरी हवेत. सध्या पोळ्या फार होतात, समोर पाठवतो.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक खालून गेली, आत्या गॅलरीत उभी होती, वॉकरशिवाय, कठड्याला एक हात. दोन्ही पाय जमिनीवर. खालून विहारातली मुलं ओरडली, "टीचर, कधी येणार?" आत्या विहारात घेते तो रविवारचा मुलांचा वर्ग चार महिने बंद आहे. आत्याने हात हलवला, कठड्याचा हात. म्हणजे त्या क्षणी कशालाच धरलेलं नव्हतं. तिला कळलं नाही. मला कळलं, मी बोलले नाही.
आज: मिरवणुकीतली ती सगळी पोरं. आणि बाबासाहेब, ज्यांच्यामुळे आमच्या घरात एक बाई विज्ञान शिकली आणि तिने मला शिकवलं. हे दरवर्षी लिहिते. यंदा जरा जास्त खरं वाटलं.

१६ एप्रिल
वांगणीचे काका आज काठीवर आले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही विचारलं होतं ना, बाप असता तर? आत्या होती. तेव्हा नाही बोलले. काका म्हणाले, "आता बोलतेस ना? झाला तं मग." कोकमाचं सरबत घेऊन आले होते, घरचं.

२८ एप्रिल
अंबरनाथ. फिल्म उजेडासमोर. आधी मला काही दिसलं नाही. मग डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवलं. आतल्या बाजूला, फटीच्या कडेला, दुधाचं बोट लागावं तसं. फार पुसट.
"आहे," म्हणाले. "एका बाजूला आहे. दुसरीकडे मला वाटतंय, पण वाटण्यावर मी बोलणार नाही. चारपैकी तीन बाजूंनी फटीवर पूल झाला की जुळलं म्हणायचं."
"स्क्रू?" मी विचारलं.
"आत्ता काढत नाही. आणखी सहा आठवडे बघू. कदाचित काढावा लागेल, कदाचित नाही." मग आत्याला, "काठी चालेल आता. जिना पण चालेल, जपून."
आत्या डॉक्टरांना म्हणाली, "हिला रागावू नका हां. हिनेच टाकायला लावलाय भार."
खरं नाही ते. पण मी दुरुस्त केलं नाही. कधी कधी कोणी दिलेलं घ्यावं.
आज: डॉक्टर, "आहे" म्हणण्याआधी दोन मिनिटं नीट बघितलं म्हणून. नुसतं वाटलं त्याला 'आहे' म्हटलं नाही म्हणून.

१ मे
बुद्धपौर्णिमा. सकाळ. आत्याने काल रात्रीच सांगून ठेवलंय: विहारात ती एकटी जाणार. जिना उतरून, गल्ली ओलांडून. मी आधी बरोबर येते म्हटलं, मग मागून येते म्हटलं, मग खालच्या पायरीवर उभी राहते म्हटलं. "समोर उभी राहिलीस तर मला पायरी दिसणार नाही, तुझं तोंडच दिसेल. तू वही काढ आणि लिहीत बस."
गच्चीवरची टाकी पप्पांनी सोसायटीच्या मागे लागून दुरुस्त करून घेतली आहे. पायऱ्या काल मी दोनदा पुसल्या. कोरड्या आहेत.
पांढरी साडी तिनेच उभी राहून इस्त्री केली. आत्ता आरशासमोर आहे. पिना शोधतेय, एक कमी आहे, का कमी ते तिला माहितीये. आईशी काही बोलली, आई हसली.
काटा समोर दिला परत. कविता आंटी म्हणाल्या, राहू दे, लागेल. मी म्हटलं, लागला तर मागायला येईन.
उतरताना आधी दुखरा पाय खाली, मग चांगला. सांगितलंय. तिला माहीत आहे. मी परत नाही सांगत.
दार उघडलं. कविता आंटींचा आवाज, "वाह टीचर जी." काठीचा ठोका. पाय. काठी. पाय. आता वळणावर असेल, जिथे पडली होती.
थांबली.
मी लिहितेय. खाली बघायला गॅलरी आहे, उठत नाही. लिहितेच आहे.
काठी.