भिंतीतून बोलणारा लेक

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

आज भिंतीनं मला झापलं! दुसऱ्यांदा चहा टाकत होते, तेवढ्यात वरनं आवाज — "आई, किती चहा पिणार? शुगर हाय ना तुला!" पातेलं हातातनं पडता पडता राहिलं. दुर्गाबाई "अगं बया, भूत!" म्हणून आमच्या म्हाताऱ्याच्या खाटेमागं जाऊन बसली. म्हाताऱ्याचं करायला ठेवलेली बाई ही. भूत आलं की पेशंटाच्याच आड लपती.

भूत नव्हतं. आमचा दिग्विजय होता. व्हिएतनामात बसून माझा चहा मोजत होता.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं माणूस आणून दिवाणखान्याच्या भिंतीवर, खाटेपासनं गॅसपर्यंत सगळं दिसेल असा, कॅमेऱ्याचा पेरूएवढा पांढरा गोळा ठोकून घेतला. "नानांवर लक्ष राहील," म्हणाला. मी म्हटलं, लक्ष ठेवायचं तर बापाच्या उशाला बसून ठेवतात, विमानात बसून नाही. तर सून, करिष्मा, म्हणती कशी — "आई, तिथं उतरलं की तिथलं सिमकार्ड घ्यायचं, मग दिवसभर नेट. आम्ही इथंच आहोत असं समजा."

समजते की. भाकरी पण समजूनच खाते आता.

दसऱ्याला म्हाताऱ्याच्या अंगावरनं वारं गेलं. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा हलतो, आणि कान शाबूत आहेत. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, किती दिवस ते आमच्या हातात नाही. दिग्यानं ते शेजारी उभं राहून ऐकलं. आणि प्लॉटिंगवाल्या मित्रांबरोबरची सहल काही मोडली नाही. "ठरलेलं हाय गं, मोडता येत न्हाई." बापाचं ठरलेलं नव्हतं ना, म्हणून.

हे मोरीपाशी बसून लिहितेय. गोळ्याची नजर इथवर पोचत नाही. आणि बोललं की त्याला ऐकू जातं. चौथीपर्यंतचं अक्षर आहे माझं, कोंबडीनं उकरल्यासारखं. पण ते तरी माझं आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी व्हिडिओ आला. फोन वाजला की म्हाताऱ्याचा डावा हात वर जातो, शाळेतल्या पोरासारखा. दिग्याचं तोंड दिसलं की मगच पेज गिळतो. एरवी दात घट्ट! काल संध्याकाळी दुर्गाबाईनं किती विनवलं, मी दोन शिव्या घातल्या — नाही म्हणजे नाही. फोनमधी लेक दिसला आणि वाटी रिकामी.

म्हणजे लेकाचं नेट चाललं तर बाप जेवणार. असा हिशोब आहे आमच्या घरात.

दिग्यानं मित्रांनाही बाप दाखवला. "हे आमचे नाना." मागनं एक ढेरपोट्या ओरडला — "राम राम नाना! लवकर उठा, पुढच्या टूरला तुमाला नेतो!" म्हाताऱ्याच्या डोळ्यातनं पाणी आलं. दुर्गाबाईला पुसायला सांगितलं. मला तसलं जमत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी फोन नाही. म्हाताऱ्याचा हात नुसताच पांघरुणावर चाळवत होता. दुपार झाली, पेजेवर साय धरली.

मग दिग्याचा आवाज आला, खरखरत. "आई, कालचं नेट संपलं. करिष्मानं आणि दोघा दोस्तांनी माझ्याच फोनवरनं जोडून घेतलंय. आपलं हिकडचं कार्ड बंद ठेवलंय, चालू राहिलं तर बिल फाडतात. साधा फोन लागायचा न्हाई, व्हाट्सअपवरच लाव."

मी म्हटलं, "मला नको सांगू. बापाला तोंड दाखव."

"आता फिरायला निघालोय. संध्याकाळी."

संध्याकाळी कसलं काय! दुर्गाबाईनं तिच्या फोनात दाखवलं — "बगा बाई, सूनबाईनं फोटूच फोटू टाकायल्यात की ओ." करिष्मा होडीत. करिष्मा टोपीत. करिष्मा नारळाला नळी लावून. तिच्या नारळाला नेट पुरलं, सासऱ्याच्या पेजेला नाही.

म्हाताऱ्याला म्हटलं, "अहो, म्हातारा घोडा झालात, आणि पोराच्या तोंडाशिवाय घास उतरत नाही? मी समोर बसलेय ती काय उंबरा आहे?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि दात आणखी आवळले. जन्मभर असंच केलंय. आता अर्ध्या अंगानं करतोय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फोन आला. आवाज तुटत होता, पण तोंड दिसलं. अर्धी वाटी गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

उत्कर्षा आली सांगवीहून. माझी थोरली. तीन वर्षांनी या दारात पाय ठेवला.

रस्त्याकडचं रान प्लॉटिंगला गेलं तेव्हा भावानं हक्कसोडीचा कागद पुढं केला. म्हणाला, सही कर. ती म्हणाली, वाचून करते. वाचलं, आणि केली नाही. तेव्हापासनं भाऊ तिला वैरीण म्हणतो. म्हातारा तेव्हा गप्प बसला होता. मी पण त्याचीच बायको, मीही गप्प बसले.

आल्या आल्या तिनं पिशवी ठेवली आणि बापाचे पाय चोळायला घेतले. आणि भिंत ओरडली!

"ती कशाला आलीय? आई! तिला आधी बाहेर काढ! मी न्हाई बघून डाव साधायला आली काय?"

बाप ऐकतोय. दुर्गाबाई ऐकतीय. उत्कर्षा उठून उभी राहिली, पिशवी उचलली, पदर डोळ्याला लावला.

मी म्हटलं, "बस खाली. रडायचं असंल तर मोरीत जा, पेशंटाच्या अंगावर टिपं गाळू नको."

आणि दोरीवरचा ओला पंचा ओढून त्या गोळ्यावर भिरकावला. बरोबर बसला!

"आई, काही दिसंना! अंधार झाला!"

"झाला ना? मग झोप."

उत्कर्षाला हसू आलं. बापाला आलं का ते कळलं नाही. त्याचं तोंड तसंही एका बाजूला ओढलेलं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुर्गाबाईनं पंचा धुवायला काढून नेला. गोळा उघडा पडला. मी तसाच राहू दिला. बघू दे, म्हटलं, बहीण बापाला कशी कुशीवर वळवते ते. उत्कर्षा रात्री इथंच राहिली होती.

जेवणाच्या वेळेला गोळा खरखरला. मला वाटलं आता पुन्हा शिव्या. पण नाही. हसण्याचे आवाज, भांड्यांचे आवाज. त्यानं बोलायचं बटण दाबलं असणार आणि फोन तसाच टेबलावर टाकला असणार. तिथलं सगळं इथं ऐकू यायला लागलं, शेजारच्या खोलीत बसल्यागत.

तोच ढेरपोट्या विचारत होता, "दिग्विजयराव, नानांचं काय कमीजास्त झालं तर? टूर सोडून पळावं लागंल की."

आमचा लेक बोलला. जसं बोलला तसंच लिहिते.

"कशाला पळायचं? फोन बंद करायचा. म्हणायचं, बेटावर हुतो, नेट नव्हतं. आता काय नाना मला वळखतात व्हय? माणूस म्हणून काय उरलंय त्यात? दहाव्याला पोचलं म्हंजे झालं. ज्योतीकाका हाय तिथं. अग्नी काय, कुणीबी देतंय."

करिष्मा म्हणाली, "हळू बोल ना." तेवढंच. खोटं बोलू नको म्हणाली नाही, हळू बोल म्हणाली.

मग सगळे हसले. काय विनोद झाला देव जाणे.

दुर्गाबाईनं तोंडावर हात ठेवला. उत्कर्षा बंद करायला उठली, मी तिचा हात धरला. बंद करता आलं असतं. मीच करू दिलं नाही. ऐकू दे म्हटलं! वंशाचा दिवा म्हणून गावभर पेढे वाटले होते, पोरीच्या वेळेला गूळसुद्धा नाही. आता दिवा काय उजेड पाडतोय ते कानानं ऐकू दे एकदा.

लेकाचा आवाज आल्या आल्या म्हाताऱ्याचा डावा हात वर गेला होता, नेहमीसारखा. तो तसाच वर राहिला. सगळं बोलणं होईपर्यंत वर होता. मग हळूहळू खाली आला.

मी जेवायला बसले. भूक लागली होती. जेवले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी व्हिडिओ. "नाना! ही बगा होडी! नाना?" म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"झोपलेत वाटतं. नंतर लावतो."

दुपारी लावला. पुन्हा डोळे मिटले. फोन बाजूला केला की उघडे! दिग्याला कळलं नाही. त्याला काय कळतंय म्हणा, त्याच्या लेखी माणूसच उरलेला नाही.

पण पेजही घेईना. उत्कर्षाच्या हातनं नाही, माझ्या नाही. मी म्हटलं, "कुणावर रुसलाय? त्याच्यावर ना? मग आमच्या चमच्यावर का राग काढताय? मरा उपाशी." उत्कर्षा म्हणाली, "आई, जिभेला काही हाड!" मी म्हटलं, असतं तर एव्हाना मोडलं असतं.

तेव्हा त्यानं तिचं मनगट पकडलं. डाव्या हातानं, असं घट्ट की बांगडी रुतली. मग हात सोडून बोट वर केलं. गोळ्याकडं. परत बोट, परत गोळ्याकडं.

"काढू, नाना? काढून टाकू?"

तिला पोचेना. मी उठले आणि टीव्हीमागची नेटची डबी आहे ना, तिचीच वायर खेचली. एका झटक्यात भिंत मुकी, माझा फोन मुका. माझ्या फोनात पैसे नाहीतच. दिग्या म्हणायचा, घरात डबी असताना तुला कशाला रिचार्ज.

म्हातारा दोन चमचे पाणी प्याला. पेज नाही. पाणी. लेकीच्या हातनं.

१९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

श्वास बदललाय. घशात घरघर आहे. ज्योतीराम भावजींना बोलावलं — म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ, दोन घरं सोडून राहतो. बघितल्या बघितल्या त्याचं तोंड उतरलं.

"वयनी, दिग्याला कळवा. निघू दे त्याला. नायतर बर्फाची पेटी सांगून ठिवतो. येस्तवर दोन दिस ठिवता येतंय."

मी म्हटलं, "मासळी आहे का ती, बर्फात ठेवायला? माणूस अजून श्वास घेतोय, भावजी. पेटी कसली मागवताय?"

"तसं न्हाई वो. मुलगा असताना दुसऱ्या कुणी अग्नी... गाव काय म्हणंल?"

उत्कर्षाला राहवेना. म्हणाली, "मी सांगते त्याला." फोन काढला, निरोप लिहिला. बघत बसली. "जातच नाही गं, आई. एकच खूण येतीय." मग हळूच म्हणाली, "त्यानं माझा नंबर अडवून ठेवलाय. सही केली नाही त्या दिवसापासनं." तीन वर्षं हिनं कुणाला सांगितलं नाही. दर भाऊबीजेला निरोप टाकायची म्हणे, आणि ती एकच खूण बघायची.

ज्योतीराम भावजींनी त्यांच्या फोनवरनं व्हाट्सअपवर लावला. वाजला. कापला! पुन्हा लावला. पुन्हा कापला. आणि लगेच टिंग करून निरोप आला. भावजींनी चष्मा लावून वाचला.

"काका, बेटावर आहे. इथं नेट नाही."

नेट नाही हा निरोप नेटवरनंच आला. भावजी बघतच राहिले. एकदा फोनकडं, एकदा भावाकडं. मग खाली बसले. मी त्यांना चहा दिला आणि सोमवारी भिंतीतनं काय ऐकू आलं ते सांगितलं. शब्दाला शब्द. दुर्गाबाई साक्षीला होतीच — "देवाशप्पत, काका, ह्या कानांनी ऐकलंय."

भावजींनी चहा घेतला नाही. पण बर्फाचं नाव परत काढलं नाही.

मी उत्कर्षाला म्हटलं, "केस धुऊन ये. आणि पाटलीण असल्यागत नको बसू, कामं पडतील."

"कसली कामं, आई?"

"जी लेकाची असतात ती."

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल ऊन कलायच्या आत गेला. शेवटचं पाणी उत्कर्षाच्या हातचं. इंद्रायणीच्या घाटावर मडकं तिनंच धरलं, अग्नी तिनंच दिला. भावकीतले दोघं कुजबुजले, तर ज्योतीराम भावजींनी एवढंच म्हटलं, "ज्याला सोसत न्हाई त्यानं घरी जावं." कुणी गेलं नाही. गावच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. खांद्यावर मडकं घेतलेली लेक. तो समुद्र ओलांडून लगेच पोचला. आता भावजींचा फोन वाजतोय, दुर्गाबाईचा वाजतोय, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वाजतायत. सगळ्यांना सांगून ठेवलंय: कुणीही उचलायचा नाही, निरोप तेवढा टाकायचा. बाप कसा गेला हे ऐकायचं असेल तर आधी बहिणीचा नंबर मोकळा कर म्हणावं. तो वाजला की उत्कर्षानंच उचलायचा.