चालू गाण्यात उठायचं

प्रिय भाग्यश्री,

सप्रेम जयभीम. हातात फोन असताना काकानं पत्र का लिहिलं म्हणून हसशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिलं.

इकडे कासारवाडीत आपला जॅझ बॅण्ड जोरात आहे. कंपनीत प्रेस मशीन चालवणारा माझ्यासारखा माणूस सुट्टीच्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये ड्रम बडवतो म्हणून जे हसायचे, त्यांचीच नातवंडं आता शिकायला येतात. आपल्या शेडमध्ये शिकलेला सोनू जहाजावरच्या बॅण्डमध्ये वाजवतो, बंदर आलं की फोटो पाठवतो. संघर्षनं चिखलीत क्लास काढलाय. आणि मारुंजीत तुझा स्वतःचा बॅण्ड. त्याचं पोस्टर मी शेडच्या दारावर लावलं, तर तुझी काकू म्हणाली, आता काढून टाकलेल्यांची मिरवणूकच काढा.

तिचं खरं आहे. आपल्याकडे तयार झालेल्याला ठेवून घेत नाहीत. चालू गाण्यात मी स्टुलाशी येऊन उभा राहिलो की वाजवणाऱ्यानं समजायचं, आता आपल्याला काढलं. एका हातानं सिंबलची थाळी वाजती ठेवून स्टुलावरून सरकायचं, मी काठ्या घ्यायच्या, ताल तुटता कामा नये. मग काढणाऱ्याकडून सगळ्यांना मिसळ. तुला काढलं तेव्हा तू मिसळीला हात लावला नाहीस आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाहीस. राग तुझ्या नाकावर पहिल्यापासूनच. पण त्याच रागात तू बॅण्ड उभा केलास, आणि मला मनातून तेच हवं होतं.

गेल्या महिन्यात एक गंमत झाली. कार्यक्रमात जलद गाणं धरलं आणि माझा उजवा हात मागं पडू लागला. डॉक्टर म्हणतात, वय झालं. आपल्या कुलदीपनं बेस गिटारवर लय हळूच माझ्यापाशी आणली, बाकीची पोरंही त्याच्यामागून आली, आणि टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. नंतर पोरं काहीच न घडल्यासारखी सामान आवरू लागली. पोरं इतकी तयार झालीत की मास्तर चुकला तरी गाणं चुकत नाही. मी शीळ घालत घरी आलो. पण मला सांभाळत बसली तर ती धावणार कधी? हा घोर मात्र लागला.

म्हणून हे पत्र. बुद्धपौर्णिमेला विहारासमोर आपला कार्यक्रम आहे. मला काढायची हिंमत इथे एकातही नाही, सगळी मला भितात. तू कधीच भ्यायली नाहीस. मी ऐन रंगात असताना स्टुलाशी येऊन उभी राहा. मी सिंबल वाजतं ठेवतो, तू काठ्या घे आणि बॅण्डही घे. तुझ्यात दोन बॅण्ड हाकायचा दम आहे. मिसळ अर्थातच तुझ्याकडून. पहिल्या रांगेत काकूशेजारची खुर्ची मी आत्ताच सांगून ठेवली आहे. जन्मभर मी सगळ्यांच्या पाठी बघत वाजवलं, पोरी. आपला बॅण्ड समोरून कसा ऐकू येतो, ते मला अजून माहीत नाही.

तुझाच,
काढून टाकण्याइतका तयार झालेला,
भीमराजकाका