मशाल्या एकच होता

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.
पेपरात बातमी. ‘घुबडमाळ’ सिनेमा पुन्हा काढणार आहेत. मशाल्याचं भूत नव्या रूपात येणार, म्हणे. १९८८ मध्ये मशाल्या मी केला होता, याचा उल्लेख नाही. जागा कमी पडली असेल.
माझं मत स्पष्ट आहे. गाजलेल्या भयपटांतल्या खलनायकांना हात लावू नये. देव्हाऱ्यातले देव आपण दर दहा वर्षांनी बदलत नाही, मग भुतं का बदलायची? वाक्य चांगलं झालंय. कुठेतरी वापरायचं.
शकूला बातमी दाखवली. म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडावर रबरी मुखवटा होता. आत कोण होतं हे त्यांना कळणार कसं?" बायकोला कलेतलं कळलंच पाहिजे असं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार.
नारायण पेठेतल्या आमच्या वाचनालयात रविवारी चर्चा. ‘जुने खलनायक नव्याने यावेत का?’ कल्पना माझीच. ग्रंथपाल भाग्यश्रीबाईंनी फळ्यावर लिहिलं: रामदास केंजळे, विरोधात. फार मोठ्या अक्षरात नको, म्हटलं. त्यांनी खरंच लहान लिहिलं.
भाषणाचे मुद्दे काढले. एकूण चौदा. पहिले नऊ माझ्या अभिनयाबद्दल.

६ नोव्हेंबर.
निर्मात्यांचा फोन आला तरी उचलायचा नाही, ठरलं. फोन पूर्ण चार्ज केला. आंघोळीला जाताना शकूच्या हातात दिला.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२.१०.
फोन आला. पहिल्याच रिंगला उचलला, कारण रिंग फार मोठी आहे, शेजाऱ्यांना त्रास.
दिग्दर्शक आमोद. आवाज नम्र. लहानपणी टीव्हीवर माझं काम बघून पांघरुणात शिरायचा. "सर, मशाल्याच्या चालीसाठी तुमची मदत हवी. अठरा तारखेला लोणी काळभोरला याल का?" रोल देतो असं तोंडाने म्हणाला नाही. पण मशाल्याच्या चालीसाठी मशाल्याच लागतो. कळतं आपल्याला.
विषयाचा नव्याने विचार केला. कोणताही प्रश्न एकांगी नसतो.

९ नोव्हेंबर, रविवार.
चर्चा झाली. उपस्थिती अकरा, त्यातले दोघे पेपर वाचायला आलेले. मी बाजूने बोललो. खलनायक पुन्हा पुन्हा यायलाच हवेत, फक्त ते मूळ माणसाने करावेत.
मग बापूराव उठले. निवृत्त शिक्षक, बोलायला लागले की तास संपवतात. म्हणे, प्रत्येक पिढीला आपलं भूत स्वतः निवडू द्या. आम्ही अंधाराला घाबरायचो, माझा नातू रेंज गेली की घाबरतो. टाळ्या त्यांना पडल्या. लोकांना उथळ आवडतं.
भाग्यश्रीबाईंना फोनचं मीच सांगितलं होतं. त्यांनी फळ्यावरचं ‘विरोधात’ पुसलं नाही. पुढे ‘शनिवारपर्यंत’ असं लिहिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी.
आजपासून तयारी. वजन सहा किलो कमी करायचं. बाकरवडी बंद. गॅलरीत रोज शंभर फेऱ्या, डावा पाय ओढत.
संध्याकाळी: बाकरवडी संपवून टाकली. घरात राहिली तर मोह होतो. फेऱ्या अकरा.
खालच्या मजल्यावरच्या अख्तरबानू वर आल्या. कपाट सरकवताय का, मुलाला, कासिमला, मदतीला पाठवू का, विचारत होत्या. म्हणजे चालीत वजन आहे.

१५ नोव्हेंबर.
डावा गुडघा सुजला. आता उजवा पाय ओढतो. पात्राचा विकास.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७. घरी.
लोणी काळभोर. उसाचा फड, भर दुपारी यंत्राने सोडलेलं धुकं.
मशाल्या तरन्नुम करते आहे. हडपसरची मुलगी, वय पंचवीस, आयटीतली नोकरी सोडून आली. मी आमोदला म्हटलं, मशाल्या पुरुष आहे. तो म्हणाला, "सर, तो भूत आहे."
चाल करून दाखवली. अर्ध्यात एकाने माझ्यासाठी खुर्ची आणली.
तरन्नुम फार अदबीने बोलते. म्हणाली, "सर, चाल मी बसवली आहे. तुम्ही मध्येच थांबायचात ना, ते सांगा. मला लहानपणी त्याचीच भीती वाटायची." खरं म्हणजे मुखवट्याची भोकं चुकीच्या जागी होती, पुढचं दिसायचं नाही म्हणून थांबायचो. ते वेदनेमुळे, असं सांगितलं. तिने लिहून घेतलं.
मग तालीम. मला बांधाच्या टोकाला उभं केलं. ती धुक्यातून आली. पाय ओढत, सावकाश. माझ्यापासून दहा पावलांवर थांबली आणि मान थोडी कलती केली.
पुढचं नीट आठवत नाही. मी उसात बसलेलो होतो आणि दोघे जण माझी चप्पल शोधत होते.
आमोद खूश. पहिला बळी तुम्हीच करा म्हणाला. तालमीला कॅमेरा चालू नव्हता, तेव्हा पुन्हा एकदा तसंच पळा.
सात टेक झाले. सातव्यानंतर तो हळूच म्हणाला, "सर, आता तुम्ही अभिनय करताय."
शेवटी टेम्पोच्या ड्रायव्हरला उभं केलं. त्याचा पहिलाच टेक ओके झाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ११.
‘घुबडमाळ’ मी थिएटरात सोळा वेळा पाहिला. दर वेळी पडद्यावर मला मीच दिसायचो. मशाल्या काल पहिल्यांदा दिसला.
शकू मटार सोलत बसली होती. पहिल्या शोला ती माझ्या शेजारी होती. विचारलं, तेव्हा तुला भीती वाटली होती का, खरं सांग.
तिने हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले.
"वाटली होती की," म्हणाली. "तुम्ही पडाल, अशी."