चार जाड तारा

४ ऑक्टोबर, शनिवार

मोडला! दसऱ्याच्या कार्यक्रमाहून येताना टेम्पोत स्पीकर कलंडला, तो नेमका माझ्या बेस गिटारवर. नेक, म्हणजे तारांखालची दांडी, मुळापासून चिरलीय. आज दुरुस्तीवाल्यानं हातात घेतला आणि नुसती मान हलवली.

हंबीररावांना फोन केला. ऑर्केस्ट्रा त्यांचा, कीबोर्ड तेच वाजवतात. वाटलं, चार शब्द बरे बोलतील. तर म्हणाले, "आता नवा घिऊ नकोस. बेस लॅपटॉपवर टाकूया. टेम्पोत जागा तरी हुईल."

जागा! कॉलेजात असल्यापासून त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून वाजवतेय, आणि आता माझ्यामुळे जागा अडते!

मी म्हणाले, "लग्नसराईच्या पहिल्या कार्यक्रमाला नवा बेस घेऊन येते. तो ऐका, मग काय ते ठरवा."

"बघू की."

म्हणजे नाहीच. बरं. बघूच!

५ ऑक्टोबर, रविवार

आई विचारत होती, वाईट वाटतंय का गं? छे. नवा बेस निवडायचाय! यासारखं दुसरं सुख आहे का?

१२ ऑक्टोबर, रविवार

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, "मुलासाठी बघताय का ताई?"

"माझ्यासाठी."

त्यानं नेहमीचं सहा तारांचं गिटार पुढं केलं, वर गुलाबी पट्टा. म्हटलं, "बेस दाखवा. चार जाड तारांचा." मग आतून तीन आले.

पहिला पाच तारांचा. चकचकीत, पोटात बॅटरी. ती पाचवी तार सूर कमी देते, गुरगुरते जास्त. मला नकोच ती. आमच्या गाण्यांना चार पुरतात, माझ्या पंजालाही.

दुसरा देखणा! पट्टा गळ्यात घातला, हात सोडला, की खुंट्यांकडचं टोक निघालं जमिनीकडे. वाजवायचा की सांभाळायचा? परत.

तिसरा बरा होता. खरंच बरा. फक्त बारीक तारेवर सातव्या फ्रेटला, दांडीवरच्या सातव्या पट्टीला, सूर उठतो आणि लगेच मरतो. दुकानदाराला दाखवलं, त्याला कळेना. शिरोलीला फाउंड्रीत माझं कामच ते — ओतलेलं लोखंडी कास्टिंग हातोडीनं ठोकायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर आत तडा.

"एवढं कोण ऐकतंय?" दुकानदार.

मी ऐकते ना!

रिकाम्या हातानं घरी. पण बोटं अशी शिवशिवतायत — मस्त दिवस गेला.

२६ ऑक्टोबर, रविवार

हातकणंगले. आमच्या ड्रमवाल्यानं पत्ता दिला होता. आकाराम म्हणून गृहस्थ — पूर्वी जहाजावरच्या बँडमध्ये बेस वाजवायचे, आता गावात दूध डेअरी. दारातच म्हणाले, "या पावणं. आधी चहा, मग बाजा."

चादरीत गुंडाळून ठेवलेला. उघडला. सायीच्या रंगाचा, कडेला रंग उडालेला. नक्षी नाही, बॅटरी नाही, बटणं दोनच. नेक नेहमीपेक्षा आखूड.

"लोकं म्हणत्यात, ह्यो बारक्या पोरांचा. म्हणू द्यात. आखूड तार जरा सैल बसती, म्हणून आवाज गोल येतोय बघा. आणि तारा सपाट हायत — बोट सरकलं तरी किरकिर न्हाय."

गळ्यात घातला. हात सोडला. जिथं होता तिथंच राहिला, मांजर मांडीत बसल्यासारखा.

मग सगळ्यात जाड तार मोकळी छेडली. अरे देवा! सूर बरगडीत शिरला. आणि थांबला तिथं — घाई नाही, उतरायचं नाव नाही. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट तपासला. कुठं खोट नाही. मग तपासणं विसरलेच, वाजवतच बसले. आकाराम खुर्चीत डोळे मिटून पायानं ठेका धरून. गिऱ्हाईक आलं तर हातानंच थांबवलं त्याला!

"विकताय कशाला?" मी विचारलं.

"बोटं आखडल्यात. कपाटात ठिवून काय करू? वाजाय पायजे त्यो." मग म्हणाले, "आणखी एक हाय आत. बघणार?"

"नाही."

हसले. "माझं बी असंच झालतं."

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून वाजवतेय. आई स्वयंपाकघरातून, "अगं ए, मांडणीतली ताटं नाचाय लागल्यात!"

शोधून काढलं — 'ए' सूर वाजवला की परात थरथरते, 'जी'ला चहाच्या बशा. आई पीठ मळायचं सोडून दारात. "परातीचं वाजव की परत." वाजवलं. पोट धरून हसली.

एक गोष्ट कळली. या बेसवर कमी वाजवावंसं वाटतं. जुन्यावर सूर लगेच विरायचा, म्हणून मी भराभरा सूर भरत बसायचे. इथं एक सूर ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत राहायचं. गाणं त्याच्यावर येऊन बसतं. इतकी वर्षं मी उगाच धावत होते!

१६ नोव्हेंबर, रविवार

तालीम. ड्रमवाला पहिल्याच गाण्यात माझ्याकडे बघून ओरडला — "आयला!" आमची गायिका अनुजा म्हणाली, "आज पायाखाली फरशी घातल्यासारखं वाटतंय गं."

हंबीररावांची कीबोर्डवरून मानसुद्धा वर नाही. अनुजानं त्यांना दोनदा हाक मारली, तरी नाही. केवढा तो ताठा! जाताना म्हणाले, "पन्हाळ्याच्या लग्नाला वाजव. पुढच्या कार्यक्रमापास्नं लॅपटॉप. मी घेतलाय."

ऐकायचंच नाही ठरवलंय तर! बरं. ऐकवते.

२३ नोव्हेंबर, रविवार

पन्हाळा. लग्नाचं रिसेप्शन, हिरवळीवर स्टेज. गार वारा, बोटं आखडतील वाटलं होतं — कुठलं काय! दुसऱ्याच गाण्याला नवरदेवाचे मामा-काका फेटे सावरत नाचायला उतरले. मी दोनच सूर आलटून पालटून देत होते. हिरवळ नुसती हलत होती.

आणि तेव्हाच डोक्यात आलं. दुसरा अंतरा सुरू झाला — आणि मी तारांवरून हात काढून घेतला.

बाकी सगळं चालू. ड्रम, कीबोर्ड, गाणं. पण खालून जमीन गेली! नाचणाऱ्यांचे पाय गोंधळले. अनुजा गाता गाता माझ्याकडे वळली. आणि हंबीरराव — त्यांची बोटं चुकली. मग थांबलीच. कीबोर्ड बंद! इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे बघत होते, तोंड पांढरं पडलेलं. नुसते ओठ हलले — "वाजव."

पुढच्या समेवर मी जाड तार छेडली. लोकांनी काय आरडाओरडा केला! त्यांना वाटलं, मुद्दाम बसवलेलंच आहे.

कार्यक्रम संपल्यावर टेम्पोमागं गाठलं मला. "परत असं केलंस तर स्टेजवरनं खाली उतरवीन."

"आणि लॅपटॉप?"

कीबोर्ड उचलून टेम्पोत ठेवला. मग — "ऱ्हाऊ दे त्यो."

जिंकले! जिंकले जिंकले!

२४ नोव्हेंबर, सोमवार

फाउंड्रीत दिवसभर कास्टिंग ठोकत गुणगुणत होते. आकारामना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बेस बंद केल्याबिगर बेस कळत न्हाय!" इतके हसले की खोकलाच आला.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी हंबीरराव घरी आले. एकटेच. चहा पुढ्यात तसाच. म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडं परत जाऊन आलो. वरचे बारीक सूर ऐकूच येत न्हाईत मला. अनुजाच्या ओठांकडं बघून वाजवतोय. खालचे जाड सूर तेवढे लागत्यात अजून. म्हंजे तूच." लॅपटॉप घेतला होता तो कानात हेडफोन घालून त्यावरचा बेस हवा तेवढा मोठा करायला. कान गेल्याचं कुणाला कळलं नसतं.

आणि मी भर कार्यक्रमात हात काढून घेतला.

"कुणाला बोलू नकोस."

नाही बोलणार. पुढच्या कार्यक्रमाला माझा स्पीकर त्यांच्या स्टुलाला टेकवून लावायचा. सूर लाकडातून त्यांच्या पाठीत जाईल.