‘खडी वाजली’ हे गाणे आणि माझे घर कोणाला जावे याविषयी

मी व्हर्लीन टटल, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा गाणी लिहिणे, राहणार मॅडिसन, नॅशव्हिलशेजारी, माझी बुद्धी ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करते. आधीची सर्व रद्द समजावीत. भ्यालेल्या बाईने केलेले मृत्युपत्र चालते का, असे मी वकील ग्रिग्ज यांना विचारले. ते म्हणाले, “व्हर्लीनबाई, न भ्यालेलं माणूस माझ्याकडे येतच नाही.” म्हणून लिहिते आहे.

कलम १. माझी गिटार कोपऱ्यावरच्या चर्चला द्यावी. तिच्यावर काहीही वाजवावे, फक्त ‘खडी वाजली’ वाजवू नये.

कलम २. ते गाणे भरपूर खपले म्हणून बक्षीस मिळालेली सोन्याची तबकडी माझ्या न्हाणीघरात टांगली आहे. ती बँडप्रमुख बडी क्रेन्शॉ याच्या मुलाला द्यावी, कारण लोकांनी डोक्यावर घेतलेले गाणे बडीचे आहे, माझे नाही. मी लिहिले ते असे होते: अंगणातली खडी वाजते, चाकांच्या आवाजावरून बाईला कळते की नवरा आज कुठल्या तऱ्हेने आला आहे, आणि ती मुलीला घेऊन मागच्या खोलीत जाते. त्यात कल्पनेचे काहीही नव्हते. माझा नवरा ड्वेन तसाच यायचा.

आमच्या गावात वादकांपुढे आकडे लिहिलेला कागद ठेवतात. आकड्यापुढे आडवी रेघ असली की सूर उदास लावायचा. बडीने माझे गाणे ऐकले, खोडरबर घेतला आणि कॉफी निवायच्या आत सगळ्या रेघा पुसून टाकल्या. म्हणाला, “घाबरलेल्या बाईबरोबर कोण नाचणार गं? तिला धावत दाराशी जाऊ दे.” मी हो म्हटले. ड्वेन बाहेर गाडीत बसला होता आणि गाणे कशावर आहे हे तो घरी जाताना विचारणार होता.

कलम ३. गाण्याचे सर्व हक्क माझी मुलगी रोंडा हिला. गायिका डोरीन पेसने ते पहिल्यांदा गायले आणि ते देशभर गाजले. मग टेक्सासच्या मंडळींनी त्याला व्हायोलिन लावून नाचायला घेतले. लंडनच्या पोरांनी यंत्रांवर बडवले. जमैकात कोणी डुलत डुलत गायले, ते त्यातल्या त्यात बरे. टायरच्या जाहिरातीतही आले. प्रत्येकाने चाल बदलली, पण ती बाई मात्र दर वेळी धावत दाराशीच गेली. रोंडा, तुझ्या लग्नात तुझ्या बापाने माइक हिसकावून सांगितले, “ह्या गाण्यातला गडी मीच बरं का!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मागच्या खोलीत आपण लपाछपी खेळायचो असे तुला आठवते. पोरी, तो खेळ नव्हता. बाप मेला तरी कालपर्यंत तुला हे सांगायची माझी छाती झाली नाही, आणि तुझ्या मुलीचे पाहिले नसते तर कालही सांगितले नसते.

कलम ४. माझे घर रोंडाची मुलगी मार्लो हिला, एकटीला. तिचा नवरा ट्रेंट याचा त्यावर कसलाही हक्क नाही. त्याला त्यात राहू देऊ नये आणि किल्ली देऊ नये.

कारण लिहिते. गेल्या रविवारी मार्लो माझ्या ओट्याशी बिस्किटांचे पीठ मळत होती आणि स्वतःशीच ‘खडी वाजली’ गुणगुणत होती. संथ, उदास सुरात, बडीने पुसलेल्या रेघांसकट. तसे मी कोणापुढे कधी गायलेले नाही, तिला ते शिकवणारे कोणी नाही. धावत दाराशी जायची ओळ आली आणि ती थांबली. बाहेर ट्रेंटची गाडी वळली होती. तिने घाईघाईने हात धुतले. मला, आजीला, ती मॅमॉ म्हणते.

“मॅमॉ, आपण काय बोलत होतो ते तो विचारेल. काहीतरी साधं ठरवू या ना.”

“पिठाबद्दल बोलत होतो म्हण.”

“हां, पिठाबद्दल. पातळ झालं होतं, असं तूपण म्हण हं.”

ट्रेंट आत आला. मुलगा मोठा अदबीचा, टोपी काढून मला मॅडम म्हणाला. मग हसून विचारलेच, “काय गप्पा चालल्यात दोघींच्या?” इतक्या वर्षांनी माझे पाय आपोआप मागच्या खोलीकडे वळले. मी म्हटले, “पीठ पातळ झालं होतं रे.”

ट्रेंटची मला भीती वाटते, आणि मार्लोला तो काय करेल या विचाराने झोप लागत नाही. ग्रिग्ज म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. तोवर थांबायला वेळ नाही. म्हणून घर आजच तिच्या नावे करण्याचा वेगळा कागद मी केला आहे आणि कुलपे सकाळीच बदलली आहेत. काल रोंडाला सगळे सांगितले. ती आधी माझ्यावर ओरडली, मग रडली, आणि आता बाहेर गाडीत बसली आहे. सह्या झाल्या की आम्ही मार्लोला आणायला जाणार. ट्रेंट घरी असेल. तिने यायला नकार दिला तर काय करायचे, मला माहीत नाही. दार मी वाजवणार आहे.

वरील सर्व मी वाचले, समजले आणि सही केली.

व्हर्लीन टटल

मॅडिसन, टेनेसी. १४ मार्च २०१९.

आमच्यासमक्ष सही केली:

१. ल्यूसिल ग्रिग्ज, वकिलांची पत्नी.

२. हर्शेल स्ट्राउड, शेजारी. (गाडी मी चालवतो आहे. व्हर्लीनबाई दारापर्यंत एकट्या जाणार नाहीत.)